कारणं कुठे आहेत?

आमच्या सोसायटीच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद आहे. एका सरकारी कार्यालयाचा आदेश. वर जावक क्रमांक, तारीख, विषय, संदर्भ एक ते सात. खाली गोल शिक्का आणि सही. मधे मजकूर म्हणावा असं एकच वाक्य: ‘अर्जदार संस्थेचा अर्ज व सोबतची कागदपत्रे यांचे अवलोकन केले असता अर्ज मान्य करणे शक्य नाही, सबब तो फेटाळण्यात येत आहे.’ गिरगावातल्या चाळीची सोसायटी झाली, इमारत टेकूंवर आली, पुनर्विकासाचा ठराव झाला, त्याला काही जणांनी हरकत घेतली आणि मग सात महिने आम्ही त्या कार्यालयात खेटे घातले. त्याचं फळ हे एवढं. तेव्हा मी सेक्रेटरी होते. नाही तर नाही, पण का नाही ते तरी सांगा, एवढंच माझं म्हणणं होतं.

हायकोर्टात गेलो. आमचं मॅटर दोनदा बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत, आलं आणि दोन्हीदा पुकाऱ्यापर्यंत पोचलंच नाही. लाकडी बाकावर दिवस दिवस बसून पाठीची वाट लागली. तिसऱ्यांदा जेवणाच्या सुट्टीनंतर पुकारा झाला. न्यायमूर्तींनी तो कागद वाचला, मग उलटा करून मागची बाजू पाहिली (मागे काही लिहिलं असेल तर, शपथेवर सांगते), आणि सरकारी वकिलांना विचारलं, “कारणं कुठे आहेत?” सरकारी वकील फाइल चाळत राहिले. चार मिनिटांत आदेश रद्द. प्रकरण त्याच कार्यालयाकडे परत. दोन्ही बाजूंना ऐका आणि आठ आठवड्यांत सकारण आदेश काढा. बाहेर व्हरांड्यात आल्यावर आमचा वकील म्हणाला, “काकू, स्पीकिंग ऑर्डर नसेल तर कोर्ट ती ठेवत नाही. कारण न देता निर्णय म्हणजे मनमानी, हे सुप्रीम कोर्टानंच किती वेळा सांगून ठेवलंय.”

तेव्हापासून मला एक खोड लागली. सर्वोच्च न्यायालयात नवा न्यायाधीश येणार अशी बातमी आली की मी न्यायालयाच्या वेबसाइटवर जाऊन कॉलेजियमचं, म्हणजे नवे न्यायाधीश निवडणाऱ्या सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाचं, निवेदन उघडते आणि त्यात कारण शोधते. बरेचदा तोही कागद उलटून पाहावासा वाटतो.

गेल्या काही वर्षांतलं ताजं उदाहरण घ्या. २५ ऑगस्ट २०२५ ला कॉलेजियमनं दोन नावं सुचवली. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती विपुल पंचोली. निवेदनात नावं, हुद्दे, तारीख. संपलं. कॉलेजियमच्या पाच जणांपैकी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी पंचोलींच्या नावाला असहमती नोंदवल्याच्या बातम्या लगेच सगळ्या पेपरांत आल्या, निवेदनात मात्र तिचा मागमूस नव्हता. आठवडा उलटायच्या आत नेमणूकही झाली, शपथविधीही झाला. नागरत्नांचं म्हणणं चुकीचं असेल आणि बाकी चौघांचं बरोबर, किंवा उलट. तुम्हाआम्हाला ते तपासायला मार्गच ठेवलेला नाही. हेच पाच न्यायाधीश सकाळी साडेदहाला कोर्टात बसतात तेव्हा चौघांचं मत एक आणि पाचव्याचं दुसरं असेल तर पाचव्याचं मत निकालपत्रात शब्दन् शब्द छापलं जातं. संध्याकाळी बंद खोलीत बसले की ते मत नाहीसं होतं. असं का, हे कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

आता कुणी म्हणेल, बाई, न्यायाधीश कसा निवडतात याच्याशी गिरगावातल्या माणसाचा काय संबंध? संबंध असा, की निवडला जाणारा माणूस फक्त एका खुर्चीवर बसत नाही. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. प्रमोशनच्या दिवसांत सिनिऑरिटी लिस्ट नोटीसबोर्डावर लागायची आणि प्रत्येक जण पेन्सिल घेऊन हिशेब मांडायचा, वरचा कधी रिटायर, आपला नंबर कधी. सर्वोच्च न्यायालयात अगदी हाच हिशेब चालतो. निवृत्ती ६५ व्या वर्षी, आणि सरन्यायाधीश होतो तो त्या घटकेला सर्वांत आधी नेमलेला. म्हणजे नेमणुकीची तारीख आणि जन्मतारीख, या दोनच गोष्टींवरून पुढच्या आठ-दहा वर्षांचे सरन्यायाधीश आजच सांगता येतात. पंचोलींचा क्रम या हिशेबानं ऑक्टोबर २०३१ मध्ये लागतो आणि मे २०३३ पर्यंत राहतो. नागरत्नांचा लागतो सप्टेंबर २०२७ मध्ये, जेमतेम ३६ दिवसांसाठी. देशाची पहिली स्त्री सरन्यायाधीश होईल ती ३६ दिवसांची, आणि हे त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये शपथ घेतली त्याच दिवशी ठरून गेलं होतं. चार वर्षं आधी कुणी त्यांचं नाव पुढे केलं असतं तर आकडा वेगळा झाला असता. उलट बाजूला यशवंत विष्णु चंद्रचूड, आपल्या पुण्याचे, फेब्रुवारी १९७८ ते जुलै १९८५ अशी सात वर्षांवर मुदत. कमल नारायण सिंह १९९१ मध्ये १७ दिवस. उदय लळित ७४ दिवस. लायकीचा इथं काही संबंध नाही, सगळा खेळ तारखांचा. म्हणूनच कॉलेजियम एखाद्याला आत्ता घेतं की दीड वर्षानं घेतं, हा किरकोळ प्रश्न नव्हे. तिथं सरन्यायाधीश ठरत असतो, आणि तो का ठरतोय याची ओळभरही नोंद आपल्यासमोर नसते.

रिकाम्या जागेचंही तसंच. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश तहहयात असतो, त्यामुळे जागा अचानक रिकामी होते. १३ फेब्रुवारी २०१६ ला अँटोनिन स्कॅलिया वारले, ओबामांनी १६ मार्चला मेरिक गारलंड यांचं नाव दिलं, आणि सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमतानं ते नाव वर्ष संपेपर्यंत सुनावणीलाच घेतलं नाही. निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना ठरवू द्या, असं कारण. पुढे १८ सप्टेंबर २०२० ला रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या तेव्हा मतदान दीड महिन्यावर होतं. त्याच पक्षानं एमी कोनी बॅरेट यांना २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी बसवून टाकलं. तिथं निदान ढोंग तरी उजेडात होतं. कोण काय बोललं, कुणी कसं मत दिलं, सगळं नावानिशी नोंदलेलं आहे, आणि लोक अजून ते एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

आपल्याकडे जागा अचानक रिकामी होण्याचं कारणच नाही. न्यायाधीशाच्या जन्मतारखेत ६५ मिळवले की तारीख मिळते. तरी शरद बोबडे सरन्यायाधीश होते त्या सतरा महिन्यांत, नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१, सर्वोच्च न्यायालयासाठी एकाही नावाची शिफारस निघाली नाही. कॉलेजियममध्ये एकमत होत नव्हतं असं तेव्हा छापून येत होतं. कोणत्या नावावरून अडलं, कुणाचा आक्षेप काय, यातलं काही अधिकृतपणे बाहेर आलं नाही. मग ३१ ऑगस्ट २०२१ ला एकदम नऊ जणांचा शपथविधी. त्यांत ठाण्याचे अभय ओक होते. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे अंत्यसंस्कार उरकून दिल्लीला परतले आणि शेवटच्या दिवशी अकरा निकाल दिले ते हेच ओक. त्यांच्यासारखा माणूस सतरा महिन्यांच्या अबोल्यात अडकून पडला असेल तर त्या काळात नुकसान कुणाचं झालं?

ही पद्धत आली कुठून ते थोडक्यात सांगायला हवं. घटनेच्या कलम १२४ नुसार न्यायाधीश नेमतात राष्ट्रपती, म्हणजे सरकार, सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून. १९७३ मध्ये त्या ‘विचारविनिमया’ची किंमत कळली. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिलला लागला, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. दुसऱ्याच दिवशी सरकारनं, त्या निकालात विरोधात गेलेल्या शेलत, हेगडे आणि ग्रोवर या तीन ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनी राजीनामे दिले. मग आणीबाणी. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं की स्थानबद्ध माणसाला आमच्या दारात यायचा हक्क आहे. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी ते उलटवलं. एकटे हंसराज खन्ना विरोधात. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावललं गेलं, त्यांनी राजीनामा दिला. त्या चारांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते, हे मराठी माणसानं अभिमानाची यादी वाचताना गाळू नये. २०१७ मध्ये त्यांच्याच मुलानं, धनंजय चंद्रचूड यांनी, वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं निकालपत्रात लिहिलं.

या पोळलेल्या तोंडानं न्यायालयानं पुढे ताकही फुंकून प्यायचं ठरवलं. १९९३ च्या निकालानं नेमणुकांची सूत्रं सरन्यायाधीश आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हाती आली, १९९८ मध्ये सहकाऱ्यांचा आकडा चार ठरला. सरकार नाव एकदा परत पाठवू शकतं, पण कॉलेजियमनं पुन्हा तेच पाठवलं तर नेमायचं, अशी रीत. घटनेत ‘कॉलेजियम’ हा शब्दही नाही. २०१४ मध्ये संसदेनं घटनादुरुस्ती करून सहा जणांचा आयोग आणला, त्यात कायदामंत्री आणि दोन ‘नामवंत व्यक्ती’, आणि कोणत्याही दोघांना नकाराधिकार. १६ ऑक्टोबर २०१५ ला न्यायालयानं तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. मला विचाराल तर तो आयोग गेला ते बरंच झालं. कायदामंत्री आणि एक सोयीचा नामवंत मिळून कुणाचंही नाव पाडू शकले असते, आणि तेही कारण न लिहिता. सरकारविरुद्धचे खटले ज्या कोर्टात चालतात तिथला न्यायाधीश सरकारनं निवडावा हे मला आजही पटत नाही. पण म्हणून आहे ते पवित्र, असंही नाही.

या सगळ्याचा अंदाज एका माणसाला आधीच आला होता. २४ मे १९४९ ला संविधान सभेत याच कलमावर चर्चा झाली. सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करावी, अशी एक दुरुस्ती होती. उत्तर द्यायला बाबासाहेब उभे राहिले. याच फोर्टातल्या हायकोर्टात वकिली केलेला, परळच्या दामोदर हॉलमध्ये ऑफिस थाटून गोरगरिबांच्या फायली पाहिलेला हा माणूस. न्यायाधीश म्हणजे काय चीज असते हे त्यांनी खालच्या बाजूनं, मान वर करून पाहिलं होतं. इंग्लंडात सगळं सरकारच्या हाती आणि अमेरिकेत सिनेटच्या, यातलं एकही आपल्याला नको, असं ते म्हणाले. अमेरिकी पद्धतीत राजकीय दबाव शिरतो हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. आणि मग सरन्यायाधीशांबद्दल. ते थोर असतीलच, पण अखेर तेही माणूस, तुमच्याआमच्यासारखेच उणिवा, भावना आणि पूर्वग्रह असलेले. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारला द्यायला तयार नाही तो सरन्यायाधीशांना का द्यावा? चव्वेचाळीस वर्षांनी न्यायालयानं तोच अधिकार स्वतःकडे घेतला. एकाऐवजी पाच माणसं बसवली हे खरं. पण पाच माणसांनाही उणिवा आणि पूर्वग्रह असतातच, आणि त्यांना आवर घालायचं माणसाला माहीत असलेलं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कारण लिहायला लावणं. लिहायला बसलं की खोटं कारण अडखळतं. सोसायटीची इतिवृत्तं लिहून मला हे चांगलं ठाऊक झालं आहे. सभेत दणक्यात मांडलेला मुद्दा कागदावर उतरवताना कितीदा तरी कुणीतरी म्हणतं, “हे नको लिहू, राहू दे.”

न लिहिण्याचं काय होतं त्याचा एक नमुना मुंबईशीही जोडलेला आहे. १२ डिसेंबर २०१८ ला कॉलेजियमची बैठक झाली आणि दोन नावांवर निर्णय झाला. प्रदीप नंदराजोग आणि राजेंद्र मेनन, अशा बातम्या आल्या. ठराव प्रसिद्ध झाला नाही. नाताळची सुट्टी लागली, त्या सुट्टीत बैठकीतले एक न्यायाधीश मदन लोकूर निवृत्त झाले, आणि १० जानेवारी २०१९ ला बदललेल्या कॉलेजियमनं, नवी माहिती पुढे आल्याचं सांगत, आधीचा निर्णय बाजूला ठेवून दिनेश माहेश्वरी आणि संजीव खन्ना यांची शिफारस केली. नवी माहिती कोणती, ते आजतागायत गुलदस्त्यात. डिसेंबरच्या बैठकीचा कागद माहिती अधिकारात मागितला गेला, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर मिळालं की अंतिम निर्णय झालाच नव्हता, तेव्हा दाखवायचं काही नाही. इकडे त्या जानेवारीनंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल २०१९ मध्ये, नंदराजोग आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून आले. म्हणजे दिल्लीला नको झालेला माणूस देशातल्या सर्वांत जुन्या उच्च न्यायालयांपैकी एकाच्या मुख्य खुर्चीवर चालला. त्यांच्याविरुद्ध खरोखर काही होतं, तर ते मुंबईवर का लादले? नव्हतं, तर दिल्लीत का अडवले? आणि योगायोग पाहा, त्या जानेवारीत अनेक ज्येष्ठांना मागे टाकून वर गेलेले संजीव खन्ना हे १९७७ मध्ये डावलल्या गेलेल्या हंसराज खन्नांचे पुतणे. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन नंबरच्या कोर्टात काकांची तसबीर लावलेली आहे. पुतण्या २०२४ मध्ये सरन्यायाधीश झाला. न्यायाधीश म्हणून त्यांचं काम चांगलंच होतं. पण काकांना का डावललं हे सगळ्या देशाला ठाऊक आहे, आणि पुतण्याला का पुढे आणलं हे पाच माणसांना.

यावर ठरलेलं उत्तर येतं. कारणं छापली तर नाकारलेल्या माणसाची बेअब्रू होते. उद्या तो उच्च न्यायालयात निकाल द्यायला बसला तर वकील त्याच्याकडे कसे बघतील? आक्षेप खोटा नाही. पण त्याचं उत्तर कॉलेजियमनंच एकदा देऊन ठेवलं आहे, आणि तेही मराठी माणसाच्या बाबतीत. मे २०१९ मध्ये अमरावतीच्या भूषण गवई यांची शिफारस झाली. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्याहून ज्येष्ठ तिघं होते, त्यांतले दोघं इतरत्र मुख्य न्यायमूर्ती. ठरावात स्पष्ट लिहिलं की गवईंना निवडलं याचा अर्थ हे तिघं कमी लायक आहेत असा कुणी काढू नये, आणि गवईंच्या नेमणुकीनं जवळपास दशकानंतर अनुसूचित जातींतला न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात येईल. कुणाची बेअब्रू झाली? कुणाचीच नाही. ज्यांना पटलं त्यांना कारण मिळालं, ज्यांना पटलं नाही त्यांना भांडायला मुद्दा मिळाला. सहा वर्षांनी तेच गवई सरन्यायाधीश झाले आणि ‘कोट्यातून आले’ अशी कुजबूज करणाऱ्यांच्या तोंडावर मारायला एक कागद तयार होता. जानेवारी २०२४ मध्ये प्रसन्न वराळे यांच्या वेळीही तसंच. मुंबईचे तीन न्यायाधीश आधीच तिथं आहेत याची जाणीव ठेवून, तरीही, असं लिहून कारणं दिली गेली. म्हणजे जमतं. मनात आलं की जमतं, आणि मनात नसलं की चार ओळींत उरकतं. माझी तक्रार या ‘मनात आलं की’ला आहे. तहसीलदाराला ही मोकळीक नाही.

गंमत म्हणजे २५ ऑगस्ट २०२५ च्या त्या कोऱ्या निवेदनाच्या वेळी सरन्यायाधीशाच्या खुर्चीवर गवईच होते.

कारण लिहिलं की मापही एकच ठेवावं लागतं, आणि खरी अडचण तिथं असावी असा मला संशय आहे. मुंबईचीच दोन उदाहरणं, उच्च न्यायालयाच्या नेमणुकांतली, कारण वर जाणारी वाट तिथूनच सुरू होते. वकील सोमशेखर सुंदरेशन यांचं नाव फेब्रुवारी २०२२ मध्ये सुचवलं गेलं. सरकारनं परत पाठवलं. त्यांनी समाजमाध्यमांवर प्रलंबित विषयांबद्दल मतं मांडली, म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमनं सरकारचा आक्षेप आणि आपलं उत्तर दोन्ही छापलं. मत असणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि त्यानं कुणी पक्षपाती ठरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये नेमणूक झाली. आता दुसरं. जुलै २०२५ मध्ये वकील आरती साठे यांचं नाव आलं. त्या जानेवारी २०२४ पर्यंत सत्ताधारी पक्षाशी जोडलेल्या होत्या, कधीकाळी प्रदेश प्रवक्त्या होत्या. विरोधकांनी गदारोळ केला. पक्षात होत्या म्हणून बाद, हे मला मान्य नाही. १९७३ मध्ये डावलले गेलेले हेगडे पूर्वी राज्यसभेत खासदार होते, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले कृष्ण अय्यर केरळात मंत्री होते, आणि दोघांनी न्यायाधीश म्हणून कुणाची खुशामत केली नाही. माणूस पूर्वी कुठे उभा होता त्यावरून तो न्यायासनावर काय करील हे सांगता येत नाही, याचा पुरावा तर आपल्या हायकोर्टाच्या मधल्या कोर्टाबाहेर संगमरवरात कोरलेला आहे. टिळकांचे ते शब्द. १८९७ मध्ये टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ मध्ये त्याच टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावणारे न्यायमूर्तीही दिनशा दावर. आमचं मॅटर पोचत नव्हतं तेव्हा त्या पाटीसमोर मी बराच वेळ उभी राहिले आहे.

तर साठेंना घेतलं, माझी हरकत नाही. पण सुंदरेशन यांच्या वेळी जशी कारणं लिहिली तशी इथंही लिहायला हवी होती. पक्षाचं पद सोडून किती काळ लोटला म्हणजे पुरे, राजकीय खटले त्यांच्यापुढे यावेत का, आणि उद्या विरोधी पक्षाचा प्रवक्ता आला तर हेच लागू होईल ना, एवढं एकदा कागदावर येऊ द्या. मग पुढच्या सरकारच्याही नाकासमोर ते कागद धरता येतील. सरकारनं नावं दाबून ठेवली तर त्याचंही कारण याच पद्धतीनं बाहेर यायला हवं. २०१९ मध्ये मुंबईत बसलेल्या अकील कुरेशी यांना मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती करा म्हटलं, तर महिनोन् महिने फाइल हलली नाही आणि शेवटी त्यांना त्रिपुराला धाडलं. सर्वोच्च न्यायालयात ते कधी पोचलेच नाहीत. अबोला दोन्हीकडून आहे.

बायकांचं तर बोलायलाच नको. १९८९ मध्ये फातिमा बीवी, मग १९९४ मध्ये आपल्या सुजाता मनोहर. मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीशही त्याच, १९७८ च्या. २०२१ पर्यंत सगळ्या मिळून अकरा. बेला त्रिवेदी जून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा ३४ जागांच्या न्यायालयात एक स्त्री उरली, आणि तिनं लिहिलेली असहमतीसुद्धा आपल्याला वाचायला मिळत नाही.

इंग्लंडात सर्वोच्च न्यायालयाच्या जागेची जाहिरात निघते, दक्षिण आफ्रिकेत मुलाखती लोकांसमोर होतात. आपल्याकडे लगेच तसं करा असं मी म्हणणार नाही; टीव्हीवर न्यायाधीशांच्या मुलाखती लागल्या तर रात्री नऊ वाजता काय तमाशा होईल ते डोळ्यांपुढे येतं. माझी मागणी त्याहून फार लहान आहे. जागा रिकामी व्हायच्या सहा महिने आधी सांगा की या वेळी काय पाहणार आहात. कर कायद्यातलं ज्ञान हवं आहे, की फौजदारीतला अनुभव, की ईशान्येकडचा माणूस, की स्त्री. निवडलेल्याबद्दल दोन पानं लिहा. कुणी असहमत असेल तर त्याचं मत खाली जोडा. न निवडलेल्यांची नावं नका घेऊ. याला घटनादुरुस्ती लागत नाही, संसद लागत नाही, पाच न्यायाधीश आणि एक टंकलेखक लागतो.

आमच्या त्या अर्जाचं पुढे काय झालं ते राहिलंच. कार्यालयानं दोन्ही बाजूंना बोलावलं, ऐकलं, आणि आठ नाही पण अकरा आठवड्यांत नवा आदेश काढला. साडेतीन पानं, मुद्दे क्रमांकासहित. अर्ज पुन्हा फेटाळला होता. चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं की सभेच्या नोटिशीला चौदा दिवस हवे होते, संस्थेनं अकराच दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा लावून तो मुद्दा दोनदा मोठ्यानं वाचला, जुन्या नोटिशीची स्थळप्रत काढून बोटांवर दिवस मोजले, आणि म्हणाले, “हा मात्र आपलाच गाढवपणा. सेक्रेटरीबाई, नवीन नोटीस काढा.”

ती नोटीसही त्याच फोल्डरमध्ये आहे.